तुळसाबाईचा वंश

माणूस मरतो, पण सत्य अमर असतं. आणि ही हकिकत शंभर टक्के सत्य आहे.

पुरावा मात्र मागू नका. तो सतीशनं नंतर घाबरून डिलीट केला.

रिठद गाव. गेल्या वर्षीची बारा मे. रात्र नव्हती, भर दुपार होती. लाइट गेलेली. घरात दोघंच... सतीश आणि त्याचे वडील उकंडराव.

पाच वाजता शिरपूर जैनला सगळा गोतावळा जमणार होता. तिथं पोराचं वंशावळीचं ॲप दाखवतो, असा शब्द उकंडराव साऱ्या सोयऱ्यांना देऊन बसले होते.

ॲप स्विफ्ट या संगणकभाषेत लिहिलेलं. त्यात माणसाचा एक साचा, त्याला स्ट्रक्ट म्हणतात. रकाने चार. नाव, वडील, आई, पहिली बायको. साच्यातून माणूस घडवणारा इनिशियलायझर स्विफ्ट आयता देते, आणि तो चारही रकाने विचारतो.

"चौथा कायले पायजे?" उकंडराव म्हणाले. "माह्या पहिलीले लेकरू नोतं. कामरगावले माहेरी धाडली, तिथंच मेली. गाळ तिले."

सतीशनं स्वतःचा इनिशियलायझर लिहिला. तो तीनच गोष्टी विचारायचा आणि चौथा रकाना गुपचूप कोरा सोडायचा. आपला नवा लिहिला, की आयता पहिला नाहीसा होतो. उकंडरावांच्या घरात हा नियम संगणकाच्या आधीपासून लागू होता.

सतीशनं ॲप चालू केलं.

मागच्या खोलीत कोणीतरी सुपानं पाखडू लागलं...

त्या खोलीला बाहेरून कुलूप होतं.

पडद्यावर त्र्याऐंशी माणसं उमटली. आणि प्रत्येकाच्या आईच्या रकान्यात एकच नाव...

तुळसाबाई.

सतीशची आई लिलाबाई. तुळसाबाई हे नाव त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. सगळा कोड शोधला. कुठंच नव्हतं.

"बाबा, तुळसाबाई कोण?"

सूप थांबलं.

उकंडराव पांढरेफटक. "कोणी सांगतलं तुले?"

सतीशनं आपला इनिशियलायझर पुसला. आयता परत आला. वडिलांच्या चौथ्या रकान्यात त्यानं ते नाव लिहिलं, पुन्हा चालवलं.

एक्क्याऐंशी जणांच्या आया जागेवर आल्या.

दोघांच्या नाही.

तुळसाबाई. तिचा थोरला सतीश. त्याच्या खाली, धाकटा... उकंडराव.

पाच वाजून गेले. कोणी उठलं नाही. कुलपाआड सूप पुन्हा सुरू झालं, सावकाश, कुणाची घाई नसल्यासारखं.

उकंडरावांनी त्या दाराला हात जोडले.

"तुळसा, चुकलो. लेकरू म्हण, कायबी म्हण. पण सतीशच्या वर तरी टाक मले."