निम्मा खड्डा

दार ओढून घ्या आणि बसा, मुलांनो. ही ऐकीव गोष्ट नाही. आपली शाळा बांधणारा तो ठेकेदार सिमेंट माझ्याच दुकानातून न्यायचा. गडी हसतमुख, पण घाई अशी की जांभईसुद्धा अर्धीच द्यायचा.

शाळेचा पाया खणताना पिवळ्या मातीत काळे पट्टे दिसले. पुरातत्त्व खात्याच्या बाई आल्या. म्हणाल्या, हे जुने चर, आणि हा गोल डाग म्हणजे बुजवलेला खड्डा. आठशे वर्षं झाली तरी एकदा उकरलेली माती वेगळी दिसतेच. त्यांच्या रीतीप्रमाणे त्यांनी आधी निम्माच खड्डा उकरला. आत पालथा माणूस. पायांपासून कमरेपर्यंतची हाडं उघडी. घोटे एकावर एक, बांधल्यासारखे.

"उरलेला सोमवारी काढू. तोवर हात लावू नका," बाई म्हणाल्या. "जिवंत पुरलेला दिसतोय."

"आठशे वर्षं गप्प पडला होता, नेमका माझ्याच कामावर उठला," ठेकेदार हसला. पण मनात हिशेब मांडत होता. काम लांबलं की ठेका दुसऱ्याच्या घशात जाणार.

रविवारी मी दुकान बंद करत होतो तेव्हा तो आला, गप्पा मारत बारा पोती घेऊन गेला. अमावस्या वगैरे काही नाही बरं, लख्ख चांदणं. रात्री साडेअकराला त्यानं एकट्यानं मिक्सर लावला आणि खड्डा भरून टाकला. सकाळी मजुरांची चूक म्हणून सांगायचं, असं ठरवून. काँक्रीट पडताना खालून कुणीतरी श्वास सोडल्यासारखं वाटलं. घरी येऊन बायकोला हे सगळं सांगितलं, वर हवा असेल, म्हणाला.

अडीचला घरी त्याला जाग आली. पलंगाखाली खर्र... खर्र...

"उंदीर असेल. झोपा," बायको कूस बदलत म्हणाली.

त्यानं पाय खाली सोडले, स्लिपर चढवल्या.

आवाज थांबला.

"कोण आहे?"

...

घोट्यांना गार बोटं लागली. दोन्ही घोट्यांना. एकदम.

बायकोला झोपेत एवढंच ऐकू आलं, "काढतो... सकाळी काढतो तुला..."

मग काही नाही.

सकाळी अंथरूण रिकामं. दाराला आतून कडी. फरशी जशीच्या तशी.

आठवड्यानं पलंगाखाली फरशी पोकळ वाजू लागली. उचलली, तर खाली काळा गोल डाग. बाईंनाच बोलावलं. त्यांनी माती बोटांत चोळली. मग म्हणाल्या, "आठशे वर्षांत इथे कुदळ लागलेली नाही."

तरी निम्मा खड्डा उकरला.

पालथा माणूस. नुसती हाडं. घोटे एकावर एक.

पायांत निळ्या रबरी स्लिपर. डाव्या स्लिपरचा तुटका पट्टा तारेनं बांधलेला.

बायको वाकून बघत राहिली. तारेची ती गाठ तिनंच, तो जाण्याआधीच्या शनिवारी, मारली होती.