न विचारलेलं आडनाव

"फे... दर... स्टोन... हॉग," मंजुश्रीनं चहाचा कप हातात धरून पुटपुटून पाहिलं. "हाऊ? हाफ? अगं बया, ह्ये आडनाव हाय का मालगाडी!"

"फॅनशॉ," शेजारून कुणीतरी म्हणालं.

तिनं मान वळवली. बीदरच्या त्या गल्लीत चन्नबसप्पाची चहाची टपरी, टपरीपुढं एक बाकडं, आणि बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला करड्या स्वेटरातला एक तरुण. बशीत फुंकर मारत होता. डोळे मात्र हसत होते.

"कोन फॅनशॉ?"

"तुमची मालगाडी. लिहायची एवढी लांब, म्हणायची नुसती फॅनशॉ."

"चेष्टा करायलाव का माझी? वळख ना पाळख..."

"शपथ घेऊ? गळ्याची?" त्यानं खरंच गळ्याला चिमूट लावली. "इंग्लंडात शिकायला होतो. शिकायला म्हणजे, सकाळी कॉलेज आणि दुपारी घरोघर पार्सलं वाटायचो. दारात उभं राहून आडनाव चुकवलं की दार अर्धंच उघडायचं हो. मग शिकलो."

हा नीलेश. व्हिसा संपला, तसा परत आला, आणि आता समोरच्या इमारतीत इंग्रजीचा क्लास घेत होता. मंजुश्रीचा काही त्याच्यावर विश्वास बसला नाही. कसा बसावा? गावी, ठाणाकुशनूरच्या शाळेत, तिला जे लिहिलंय तेच वाचायला शिकवलं होतं. एखाद्या म्हाताऱ्या माणसाचं अर्धं नाव गिळून टाकायचं, म्हणजे तिला तो त्या माणसाचा अपमानच वाटला. पण अडला होता जीव. टपरीच्या वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात बसून ती इंग्लंडातल्या कानाच्या दवाखान्यांसाठी फोन करायची. उद्या तुमची वेळ आहे, विसरू नका, एवढंच सांगायचं. नाव चुकलं की पलीकडचा माणूस फोन आपटायचा. सगळेच्या सगळे कमी ऐकणारे, पण चुकलेलं नाव त्यांना बरोब्बर ऐकू यायचं!

त्या संध्याकाळी तिनं मनातल्या मनात देवाला हात जोडले आणि म्हटलं, "मिसेस फॅनशॉ?"

पलीकडं शांतता. गेला फोन, तिला वाटलं. मग एक कापरा, म्हातारा आवाज आला. तो इंग्रजीत जे म्हणाला ते असं, "पोरी, कुठून बोलतेस गं तू? इथली माणसंसुद्धा माझं नाव असं नीट घेत नाहीत."

दुसऱ्या दिवशी मंजुश्रीनं चन्नबसप्पाला दोन चहा सांगितले.

"दोन?" चन्नबसप्पानं भुवया उडवल्या. "अक्का, आज पाव्हणं कोण?"

"गप बसा की अण्णा," ती म्हणाली, आणि कानापर्यंत लाल झाली.

इथं तुम्हाला एक सांगायला हवं. ही पोर बोलकी दिसायची, पण तिच्यासारखी एकटी पोर अख्ख्या बीदरात नसेल. घरमालकीण लक्ष्मम्माच्या गच्चीवर तिची भाड्याची खोली. थंडीत पठारावरचं वारं दाराच्या फटीतून आत यायचं आणि खिळ्याला टांगलेली ओढणी हलवत राहायचं. दिवसभर ती समुद्रापलीकडच्या माणसांशी बोलायची, त्यांच्या तब्येती विचारायची, त्यांच्या मांजरांची चौकशी करायची. खोलीवर आली की तिला 'जेवलीस का गं?' विचारणारं कुणी नव्हतं. कधी कधी ती भात लावताना मोठ्यानं बोलायची, नुसता स्वतःचा आवाज खोलीत असावा म्हणून. रडू यायचं. मग ती कुकरच्या शिट्ट्या ऐकत बसायची.

म्हणून तो दुपारचा चहा तिला गोड लागायला लागला. आणि नीलेशलाही. तो रोज एक आडनाव घेऊन यायचा.

"आज बीचम. लिहितात ब्यूचॅम्पसारखं. जुन्या फ्रेंचमधून आलंय. सुंदर शेत."

"आनि माझ्या फॅनशॉबाईचं?"

"ते एका गावाचं नाव. चार दगडांपाशी नदीच्या वळणातलं रान, असं म्हणतात."

"म्हंजे मळीचं रान की! आमच्या मामाचं हाय तसलं. लई झ्याक हरभरा येतो." तिनं कप खाली ठेवला. "म्हंजे मास्तर, ह्यांची आडनावं बी आपल्यावानीच हाईत. गावावरनं, रानावरनं."

"हो ना. एक यंगहजबंड पण आहे."

"अय्या, चला!"

"खरंच. त्या वेळी हजबंड म्हणजे शेतकरी. तरणा शेतकरी, एवढाच अर्थ."

मंजुश्री खळाळून हसली. "मग आमच्या ठाणाकुशनूरात पारापारावर यंगहजबंडच बसलेत की! पोरीच मिळंनात बिचाऱ्यांस्नी."

"शेतकरी नसलेल्यांनाही मिळत नाहीत," नीलेश कपात बघत म्हणाला. "म्हणजे... हवी ती."

तेवढ्यात डोक्यावरून हवाई दलाची शिकाऊ विमानं गेली. बीदरात विमानं गेली की बोलणारा माणूस तोंड मिटून थांबतो, ती सवयच आहे. दोघं थांबली. आवाज विरला तरी थांबूनच राहिली. त्यानं तिच्याकडं पाहिलं, तिनं पाहू दिलं, आणि चहावर साय धरली.

एवढी आडनावं झाली. चम्ली झालं, मॅनरिंग झालं, ड्रिंकवॉटर झालं. पण एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली का? दोघांनी एकमेकांचं आडनाव कधी विचारलं नाही. तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर होतं 'मंजुश्री ए.', ए म्हणजे वडील अंकुशराव. त्याच्या क्लासच्या पाटीवर नुसतं 'नीलेश सर'. कर्नाटकात एका अक्षरावर माणसाचं निभावतं, फार बरं आहे ते. कारण आपल्याकडं आडनाव विचारणं म्हणजे काय विचारणं असतं, हे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. त्याच्या बोलण्यावरून तिला अंदाज होता. तिच्या 'हाय-हाईत'वरून त्यालाही होता. पण अंदाजाला दार असतं, त्यातून आत-बाहेर करता येतं. आडनाव एकदा उच्चारलं की दार लागलं! म्हणून दोघंही इंग्लंडातल्या लोकांच्या आडनावांवर हसत राहिली, आणि आपली दोन पोटात ठेवून राहिली.

संक्रांत झाली आणि घरून फोन आला. कलाबाई, तिची माय, एका दमात बोलली, "मंजे, ह्या ऐतवारी पावनं येनार हाईत बघायला. उदगीरकडचे. आपल्यातलेच. शनवारी ये, आनि ती हिरवी साडी आन."

"माय, मला इचारलं का कुनी?"

"इचारायचं काय त्यात? बघनार हाईत, खाऊन टाकनार न्हाईत."

त्याच दुपारी स्क्रीनवर पुन्हा ते लांबलचक नाव उमटलं.

"मिसेस फॅनशॉ, उद्या तुमचं नवीन यंत्र बसवायचंय. विसरू नका हं."

"नको गं," म्हातारी म्हणाली. "रद्द कर ते. यंत्र लावून ऐकू काय? घरात एक घड्याळ आहे, बाकी कोणी नाही. हे नाव लावणारी मी शेवटची. मागं कोणी नाही." मग ती ओशाळल्यासारखी म्हणाली, "पोरी, एकदा म्हणशील? नुसतं नाव. कुणी घेतलं की बरं वाटतं."

"मिसेस फॅनशॉ," मंजुश्री म्हणाली. "मिसेस फॅनशॉ... ऐकू आलं का?"

"आलं," म्हातारी म्हणाली, आणि फोन ठेवला.

मंजुश्रीनं हेडफोन काढला आणि जिना उतरून थेट बाकड्यापाशी आली. तिला गच्चीवरची खोली दिसत होती, ती हलणारी ओढणी दिसत होती, आणि आपण म्हाताऱ्या झालोय असं वाटत होतं.

"काय झालं?" नीलेश उठून उभा राहिला.

"बिरादार," ती म्हणाली.

"काय?"

"माझं आडनाव. मंजुश्री अंकुशराव बिरादार. आता कोनते बिरादार म्हनून इचारा. लिंगायतात बी बिरादार असतेत, म्हनून समदे इचारतेत. रानात राबनारे, मराठ्यातले. ऐतवारी मला बघायला पावनं येनार हाईत, आनि मला त्यास्नी बघायचं न्हाई. बास. सांगितलं."

नीलेशचा चेहरा उतरला. ओठ हलले. इंग्लंडात दारोदार आडनावं घेणाऱ्या त्या माणसाच्या तोंडून स्वतःचं आडनाव काही निघेना. तिनं वाट पाहिली. विमान गेलं नाही, गाडी वाजली नाही, सगळी गल्ली गप्प होती.

"मंजुश्री, मला... जरा..."

"ऱ्हाऊ द्या मास्तर," ती म्हणाली. "कळलं मला."

दुसऱ्या दिवशी बाकडं रिकामं होतं. त्यानंतरही रिकामंच. क्लासला कुलूप. "गुलबर्ग्याला गेलेत, आई-वडलांकडं," चन्नबसप्पानं न विचारता सांगितलं, आणि चहाचे पैसे घेतले नाहीत. त्याचा नंबर होता की तिच्याकडं! पण दिवसभर परक्यांना फोन लावणाऱ्या तिच्या बोटांनी तो एक नंबर काही दाबला नाही. रागही आला होता, आणि भीतीही. दाबला आणि तो नीट, सभ्यपणानं 'नाही' म्हणाला तर? रात्री तिनं भात लावला आणि एक शब्दही बोलली नाही. शनिवारी हिरवी साडी पिशवीत घालून ती ठाणाकुशनूरच्या बसमध्ये बसली. खिडकीबाहेर तुरीची रानं पिवळी पडली होती, काढणीला आली होती. तिला काही म्हणता काही दिसत नव्हतं.

रविवारी सकाळी अंकुशराव अंगणात बाजेवर बसून दाढी करत होते. पाहुणे दुपारी यायचे होते. मंजुश्री आत मायजवळ कांदा चिरत होती, त्यामुळं डोळ्यांतलं पाणी कुणाला दाखवावं लागत नव्हतं.

"नमस्कार काका," अंगणातून आवाज आला.

तिच्या हातातला कांदा विळीवर तसाच राहिला.

"नमस्कार. कोन आपन?"

"मी नीलेश. नीलेश नरहरराव अफजलपूरकर."

नाव, वडलांचं नाव, आडनाव. तिन्ही, ठणठणीत, राखून काही ठेवलं नाही. अंकुशरावांनी गालावरचा साबण टॉवेलनं पुसला. अर्धी दाढी राहिली होती, राहू दिली.

"अफजलपूरकर," ते सावकाश म्हणाले. "म्हंजे बामनाचे. आमच्यातले न्हवं तुमी."

"नाही काका."

"मग काय काम काढलं?"

"मंजुश्रीला मागणी घालायला आलोय." तो एक पाऊल पुढं आला. "मोठं माणूस बरोबर आणायची रीत असते, ठाऊक आहे मला. चार दिवस घरी तेच बोलत होतो. बाबा अजून बोलत नाहीत माझ्याशी. आई म्हणाली, तू जा. म्हणून एकटाच आलो. मंजुश्रीनं तिचं आडनाव सांगितलं तेव्हा मी भ्यालो काका. गप्प बसलो. ते फोनवर भरून काढण्यासारखं नव्हतं."

दार उघडलं. मंजुश्री बाहेर आली. हाताला कांदा, डोळे लाल, केस विस्कटलेले, हिरव्या साडीचा पत्ता नाही.

"अप्पा," ती म्हणाली, "ह्ये न्हाई आले असते तरी मी त्या पावन्यास्नी न्हाईच म्हननार होते. आता आलेत, तर सांगते. मला ह्येच पायजेत. दुसरं कुनी न्हाई."

कलाबाईनं आतून "अगं बया बया!" केलं. अंकुशराव अंगणात रचलेल्या तुरीच्या पेंढ्यांकडं बघत राहिले. या शिवारात त्यांना उद्या कोण काय म्हणेल, ते त्यांच्या चेहऱ्यावर सगळं दिसत होतं. पोरीच्या चेहऱ्याकडं मात्र त्यांनी एकदाच पाहिलं. मग त्यांनी बाजेवरचा आरसा आणि वाटी उचलून बाजूला ठेवली. एका माणसापुरती जागा झाली.

"कलाबाई, उदगीरवाल्यास्नी फोन लाव. आज नगं म्हनावं." आणि नीलेशकडं न बघता ते म्हणाले, "बसा."

नीलेशनं डोळे पुसले, आणि तो घाईनं वाकायला लागला.

"पाया पडू नगा उगं. बसा म्हनलंय. व्हय म्हनलं न्हाई अजून."

आत कलाबाईनं चहाच्या आधणात आणखी एक कप पाणी ओतलं.