जप्तीबाईंचा फोन

शिक्षकखोलीच्या दारात दोघं एकमेकांवर आदळलीच. गणिताच्या बाई घाईने बाहेर निघाल्या होत्या आणि चित्रकलेचे सर नेहमीप्रमाणे उशिरा आत घुसत होते. बाईंच्या हातातून फोन निसटला, सरांनी तो वरच्यावर झेलला.

"अरे वा! जप्तीबाईच फोन घेऊन वर्गात?"

पोरांनी ठेवलेलं हे नाव बाईंना ठाऊक होतं. मुलांचे फोन सकाळीच कपाटात बंद व्हायचे. या सहामाहीपासून शिक्षकांचेही, तेसुद्धा बाईंच्याच आग्रहाने. बैठकीत एकटे सर विरोधात बोलले होते आणि बाईंनी त्यांना चांगलंच झापलं होतं. तेव्हापासून सर रोज खोडी काढायचे, बाई रोज चिडायच्या... आणि एखाद्या दिवशी सर आले नाहीत, तर बाईंना करमायचं नाही. पण हे त्या कबूल करतायत होय!

आज मात्र त्या चिडल्या नाहीत.

"बाबांचं ऑपरेशन चाललंय... हृदयाचं. दादाचा फोन येईल."

"आणि तुम्ही इथे?"

"बाबांनीच पिटाळलं. म्हणाले, तू इथे बसून काय टाके घालणार आहेस?"

सरांचा आवाज एकदम खाली आला. "मग न्या की फोन. कोण विचारतंय?"

"निघाले होते खरी, पण दहावीचा वर्ग आहे. परवाच एकीचा फोन घेतला मी. ताई बाळंत होणार म्हणून रडत होती बिचारी. आता कोणत्या तोंडाने नेऊ?"

आपलेच दात नि आपलेच ओठ, सांगणार कुणाला?

"माझा तास मोकळा आहे," सर म्हणाले. "मी बसतो फोनापाशी. वाजला की उचलतो आणि धावत येतो."

"चांगली बातमी असली, तर लांबूनच हसा हं. नाहीतर तुम्ही दारात येईपर्यंत माझा जीव जायचा."

"बरं."

"आणि... नसली तर?"

"तरी मीच येईन. दुसऱ्या कुणाला पाठवणार नाही."

वर्गात बाईंनी फळ्यावर गणित मांडलं खरं, पण चिन्हच चुकलं. पोरांनी सांगितल्यावर खोडलं, पुन्हा चुकलं. व्हरांड्यात पावलं वाजली की त्या दाराकडे बघत. शिपाईकाका आले नि गेले. बाबा सकाळी दवाखान्यात बाईंना नीट बघूही न देता तोंड फिरवून झोपले होते, तेच सारखं डोळ्यांपुढे येत होतं. परवाची ती मुलगी हळूच म्हणाली, "बाई, बसा ना जरा."

एवढ्यात खिडकीतून सर दिसले. धावत येत होते... आणि हसत नव्हते!

बाई तशाच दाराबाहेर गेल्या.

"बाबा—?"

"छान आहेत! सगळं नीट झालं!"

बाईंनी भिंतीचा आधार घेतला. मग रडता रडता त्यांना संताप आला. "मग हसला का नाहीत? जीव घेता की काय माणसाचा!"

"माझीच पाचावर धारण बसली होती हो," सरांनी घाम पुसला. "तुमच्या दादांनी विचारलं, बहिणीचा फोन उचलणारे आपण कोण? म्हटलं, सोबत शिकवतो. ते म्हणाले, सोबत शिकवणाऱ्याचा आवाज एवढा का कापतोय?"

"मग?"

"मग... सांगून टाकलं. तुम्ही मला फार आवडता म्हणून." सर जमिनीकडे बघत होते. "तुम्हाला सांगायच्या आधी त्यांना सांगितलं. रागवा, काय हवं ते बोला."

आत पोरं माना उंचावून बघत होती. बाईंनी पदराने डोळे पुसले.

"शाळा सुटली की दवाखान्यात जायचंय," त्या म्हणाल्या. "नळ्या लावलेल्या बाबांना एकटीने बघायची मला भीती वाटते... याल?"

"येतो. पण दादा तिथेच असतील ना?"

"असेलच. त्याला मीही काहीतरी सांगणार आहे. तुमच्यासमोर."