नव्या पत्र्यावरची पाच बोटं

बुधवारी सकाळी आजोबांनी शेडचं दार सरकवलं आणि ते तिथेच थबकले. आदल्या दिवशी सकाळी त्यांनी घासूनपुसून ठेवलेला नवा पत्रा लख्ख होता. आता त्याच्या मधोमध पाच तपकिरी डाग उमटले होते. चार एका ओळीत, पाचवा जरा खाली, बाजूला.

"शाल्मली! इरा! इकडे या बरं दोघी."

शाल्मली अकरा वर्षांची. वेंगुर्ल्याच्या या घरात ती जन्मापासून आजोबांजवळ राहत होती. इरा तिची चुलत बहीण, वर्षाने मोठी. तिचा जन्म मात्र चंद्रावरच्या वस्तीतला. काका-काकू तिथे खाणीत अभियंते होते. इरा आयुष्यात पहिल्यांदाच पृथ्वीवर आली होती, तीन आठवड्यांसाठी.

ती आल्यापासून शाल्मलीच्या पोटात नुसतं दुखत होतं. रोज कोणी ना कोणी "चंद्रावरचा चेडू (मुलगी) बघूक इलंव" म्हणत पायरीवर हजर. इरा दहा पावलं चालली तरी कौतुक! चंद्रावरचं गुरुत्वाकर्षण (वस्तूंना खाली खेचणारं बळ) पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याएवढंच असतं, म्हणून इथे तिला आधारपोशाख (स्नायूंना बळ देणारा घट्ट पोशाख) घालावा लागे. जरा दमली की आजोबा स्वतः तिच्यासाठी खुर्ची आणत.

तेवढंही शाल्मलीने सोसलं असतं. पण गाडीचं काय?

आजोबांकडे १९६४ सालची फिकट हिरवी मोटार होती. आताच्या गाड्यांना लोखंडी पत्रा नसतोच, पण हिला होता, आणि मागच्या डाव्या चाकावरचा तो पत्रा सडला होता. "पुढच्या सुट्टीत आपण तो बदलू. पहिला काप तू घ्यायचास," असं आजोबांनी शाल्मलीला कबूल केलं होतं. आजोबा धातुशास्त्रज्ञ (धातूंचा अभ्यास करणारे). दिलेला शब्द ते कधी विसरत नसत.

या वेळी विसरले. रविवारी कटर इराच्या हातात गेला.

"आजोबा, आमच्याकडे बाहेर एक लोखंडी फावडं पडलंय," काप घेता घेता इरा म्हणाली. "मी जन्मले त्याच्याही आधीपासून. ते अजून नव्यासारखं आहे. मग ही गाडी अशी का झाली?"

"छान प्रश्न!" आजोबा खूश झाले. "लोखंड गंजायला दोन गोष्टी लागतात, प्राणवायू आणि पाणी. तुमच्या फावड्याला दोन्ही मिळत नाहीत. इथे दोन्ही भरपूर."

त्यांनी पत्र्यावरची जुनी पुट्टी खरवडली. तिच्यामागे पत्रा पापडासारखा चुरला. "गंज भुसभुशीत असतो. त्याच्या बारीक भोकांतून ओल आत जात राहते. कोणीतरी पूर्वी यावर नुसती पुट्टी थापली, आणि आत गंज वाढतच गेला. म्हणून चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं, आणि तिथे नवा जोडायचा."

हे सगळं शाल्मलीला गेल्या वर्षीच ठाऊक होतं. पण तिला कोणी विचारलंच नाही.

आणि आता पत्र्यावर हे डाग. हा पत्रा आजोबांनी सहा आठवडे ठोकून ठोकून गोलाईत आणला होता. जोडण्यासाठी त्यावरचं तेल पुसून टाकलं होतं आणि दोघींना बजावलं होतं, "याला उघडा हात लावायचा नाही."

"कोणी लावला हात?" आजोबांनी विचारलं.

"इराने लावला असेल," शाल्मली पटकन म्हणाली. "तिला काय कळतंय इथलं?"

इरा हळूहळू पत्र्याजवळ गेली आणि तिने आपला पंजा डागांच्या वर, न टेकवता धरला. कमी गुरुत्वाकर्षणात वाढलेली तिची बोटं लांबसडक होती. डागांच्या पुढे पेरभर तरी जात होती.

शाल्मलीचे कान तापले. आजोबांनी तिच्याकडे पाहिलं, पण आवाज चढवला नाही.

"काल दुपारी काय खात होतीस?"

"कैरी," ती पुटपुटली. "मीठ लावून." मग तिला राहवलं नाही. "सगळं तीच पहिल्यांदा करते! मला एकदा तरी तिच्या आधी हात लावायचा होता!"

ती तिथून धावत मागच्या विहिरीपाशी गेली.

बऱ्याच वेळाने पावलं वाजली. थांबत थांबत, धापा टाकत इरा आली आणि विहिरीच्या कट्ट्यावर टेकली.

"मी चिडलेय तुझ्यावर," ती म्हणाली. "आणि आधीपासून जळतेय पण."

"तू? माझ्यावर?"

"चंद्रावरून इथवर संदेश यायला सव्वा सेकंद लागतो, परत जायला तेवढाच. मी पडद्यावर आजोबांना विनोद सांगितला ना, की ते अडीच सेकंदांनी हसतात. कायम. तोवर मी वाट बघत बसते, आवडला की नाही. तुझ्या विनोदाला ते लगेच हसतात. बारा वर्षं मी फक्त वाट बघितलीय."

शाल्मलीने इराच्या हाताला धरलं, तिला उठवलं, आणि दोघी सावकाश शेडकडे परतल्या.

"आजोबा, मी खोटं बोलले," दारातच तिने सांगून टाकलं. "पत्रा वाया गेला का?"

"नाही. पण मीही चुकलो. पहिला काप तुला कबूल केला होता, आणि एका शब्दाने विचारलं नाही तुला." त्यांनी बारीक पॉलिश पेपर तिच्या हातात दिला. "घास. डाग अजून वरच्यावरच आहेत."

घासता घासता शाल्मलीनेच विचारलं, "एका रात्रीत कसे आले पण?"

"लोखंडात इलेक्ट्रॉन (ऋण विद्युतभाराचे अतिसूक्ष्म कण) असतात. ओल मिळाली की लोखंड ते देऊन टाकतं आणि प्राणवायू ते घेतो. या देवाणघेवाणीतून गंज तयार होतो. साध्या पाण्यातून ती सावकाश चालते. पाण्यात मीठ असलं की विद्युतभार भराभर वाहतो. घामात मीठ, कैरीला मीठ, वर समुद्राची हवा!"

दुपारी पत्रा बसला. आजोबा एक टाका इकडे, एक तिकडे असं वेल्डिंग करत होते, कारण एकाच जागी उष्णता साचली तर पत्रा वाकडा होतो. एका टोकाचा क्लॅम्प (पत्रा घट्ट धरणारी पकड) इराने धरला, दुसऱ्या टोकाचा शाल्मलीने. शेवटी आतून जस्ताचा रंग द्यायचं काम उरलं.

"जस्त कशाला?" इराने आजोबांना विचारलं. आजोबांनी शाल्मलीकडे बोट दाखवलं.

शाल्मलीने क्षणभर विचार केला. "जस्त इलेक्ट्रॉन द्यायला लोखंडापेक्षाही उतावीळ असेल. म्हणजे ते आधी झिजेल, आणि लोखंड वाचेल?"

"अगदी बरोबर!" आजोबा मोठ्याने हसले. लगेच. इराने ते पाहिलं आणि तीही हसली.

शनिवारी, रंग वाळल्यावर, तिघं गाडीतून बंदराकडे निघाले.

"आजोबा," मागच्या सीटवरून इरा म्हणाली, "मंगळ लाल दिसतो तो गंजामुळेच ना?"

"हो. तिथल्या मातीत लोखंडाचा गंज आहे. म्हणजे कधीकाळी तिथेही लोखंडाला प्राणवायू मिळाला. तो नेमका कसा, पाण्याने त्याला किती हातभार लावला, हे अजून पुरतं उलगडलेलं नाही. तिथे जाऊन कोणीतरी शोधायला हवं."

"मी जाणार," शाल्मली म्हणाली.

"मी पण."

"चालेल. पण यानातून आधी मी उतरणार!"

"का म्हणून? मी मोठी आहे!"

बंदर येईपर्यंत दोघींचं भांडण चालू होतं.