सुगी थांबते ती जागा

आमच्या संस्थेत जखमी, बेवारस कुत्री येतात. बरी झाली की त्यातली शांत डोक्याची निवडून आम्ही त्यांना अंध माणसांचे वाटाडे करतो. नांदेडातली आमची पहिली वाटाडी म्हणजे सुगी. पिकल्या ज्वारीच्या रंगाची, एक कान मोडलेली, गुणाची बाय.

तिला शिकवताना मी डोळ्यांवर पट्टी बांधून चालायची. पायरी आली की सुगी थांबायची. मी पायानं चाचपायची, "चल" म्हणायची, मगच तिचं पाऊल पडायचं.

शनिवारी सकाळी परीक्षा होती. इतवाऱ्यातल्या नजीर टेलरांची अंध मुलगी कहकशां सुगीसोबत अंध मुलांच्या शाळेपर्यंत एकटी जाणार होती. तिथंच सोमवारपासून तिची शिक्षिकेची नोकरी.

"कुत्रीनं नीट नेलं तर नोकरी," तिची आई हाजराबी म्हणाल्या, "न्हाई तर घरीच बस, पोरी. रोज सोडायला कोण येईल?"

"अम्मी, तू आधी तुझ्या छातीची धडधड शांत कर. इथवर ऐकू येतेय!"

कहकशां हसत निघाली. मी जरा अंतर राखून मागं. केळीचे गाडे, ऑटोंचे भोंगे, डिसेंबरचं कोवळं ऊन. सुगीनं गाडा चुकवला, बैल चुकवला, उघडी नाली चुकवली. मला टाळ्या पिटाव्याशा वाटत होत्या.

नदीकडं उतरणाऱ्या गल्लीच्या अलीकडं सुगी थांबली.

समोर सपाट डांबर होतं. पायरी नाही, खड्डा नाही. परीक्षेत शिकवणाऱ्यानं गप्प राहायचं असतं, पण माझ्यानं राहवलं नाही. "सपाट हाय गं. चल म्हण तिला."

कहकशांनं पाय पुढं करून चाचपलं.

"न्हाई बाई. पायरी हाय."

मग ती उतरली. तिची चप्पल डांबरावरच पडत होती, माझ्या डोळ्यांदेखत. पण प्रत्येक पावलाला गुडघा वाकत होता, खांदा खाली जात होता, जिना उतरताना जातो तसा. तिचा आवाज आला तो माझ्या पायाखालून.

"किती गार हाय इथं!"

थोडं पुढं गेल्यावर ती चढ चढल्यासारखी चालली आणि शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. आधीच येऊन थांबलेल्या हाजराबींनी पोरीला कवटाळलं, मग घाबरत घाबरत सुगीच्याही डोक्याला हात लावला. सगळे हसत होते, रडत होते. मीसुद्धा.

त्या संध्याकाळी मी पट्टी बांधून सुगीला तिथं नेलं. ती थांबली. मी पाय पुढं केला.

दगडाची कड लागली. तिच्याखाली काहीच नव्हतं. तळव्याला खालून गारवा लागला.

पट्टी ओरबाडून काढली. पाय डांबरावर होता.

कुणाला सांगणार? सांगितलं असतं तर कहकशांचं दार पुन्हा बंद झालं असतं. आणि सुगीनं तिला सुखरूप नेऊन आणलं होतंच की.

सोमवारी दुपारी शाळेतून मला फोन आला. "तुमच्या कहकशां बाई आज आल्याच नाहीत."

तिचा फोन लागत नव्हता. त्या जागेपाशी धावत गेले. डांबर उन्हात चकाकत होतं. वरून एक ऑटो खडखडत गेला.

तशीच इतवाऱ्यात पोचले. कहकशां नुकतीच घरी आली होती. गालांवर लाली, श्वास जोरात. सुगी उंबऱ्यात शेपटी हलवत बसलेली.

"बाई! मुलं लई गोड हायत! हात सोडतच नव्हती. उद्या लवकर ये म्हणाली."

"कुठं होती शाळा?" मी विचारलं.

"कुठं म्हणजे? खाली."

हाजराबी लाडू घेऊन आल्या. पोरीची अलाबला काढून त्यांनी कानशिलावर बोटं मोडली. त्यांचा चेहरा इतका उजळला होता, की मी उघडलेलं तोंड मिटलं.

"अब्बू," कहकशां म्हणाली, "त्यांचे हात फार गार हायत. गरम कापडाच्या बंड्या शिवून द्या ना."

"देतो की. मापं सांग."

नजीरभाई हातात टेप घेऊन उभे राहिले. तिनं तळवा कमरेशी धरला. "एक एवढा." मग मांडीशी. "ही एवढी." मग गुडघ्याशी, मग पोटरीशी. ती हसत वाकत गेली, वाकत गेली.

"आणि सगळ्यांत धाकटा," ती म्हणाली, आणि तळवा फरशीवर सपाट टेकवला.