निनादचा ताप

तापचकतीला हात लावण्याआधी हेमांगी हातमोजा काढायची. नियमात ते बसत नव्हतं, पण राजूरच्या त्या लहानशा प्रयोगशाळेत तिला हटकणार कोण?

काचेत बंद केलेल्या, रुपयाएवढ्या त्या चकतीवर जिवंत मानवी पेशी असत. पेशींना सूज आली की चकतीचा तळ तेवढाच तापे, औषध लागू पडलं की निवे. इथल्या सगळ्या चकत्यांवरच्या पेशी हेमांगीच्या मुलाच्या, निनादच्या होत्या. कुठल्याच गोळीला न जुमानणाऱ्या तापाने तो चार वर्षांपूर्वी गेला, पेशी दान करून. त्या तापाने अजूनही पोरं जात होती. हेमांगी मात्र रोज सकाळी चकतीला हाताची मागची बाजू लावून बघायची. त्याचं कपाळ असंच लागायचं.

त्या तापावर तपासलेल्या दोनशे वनस्पती वाया गेल्यावर डोंगरातल्या वैदू ठमाबाई बांबळे सातविणीची साल घेऊन आल्या. यंत्राने ती बाकीच्या सालींसारखी उकळली. चकती तापलेलीच राहिली.

"उकाळली व्हय?" ठमाबाई हसल्या. "अवो ताई, तिला जाळ दावायचा नसतो. गार पाण्यात भिजू द्या."

तसं केलं आणि दोन चकत्या निवल्या. उकळताना मोडणारा रेणू गार पाण्यात शाबूत उतरला होता.

तिसऱ्या पुराव्याशिवाय माणसाला औषध देता येत नव्हतं, आणि चकती एकच उरली होती. चाचणीनंतर पेशी विरघळवून मोजाव्या लागत, म्हणजे हीही संपणार होती. निनादच्या पेशी थकल्या होत्या, नव्या वाढत नव्हत्या.

हेमांगीने आठ दिवस चालढकल केली. खरं तर तिला तो ताप उतरायलाच नको होता. याची तिला लाज वाटत होती, तरी नको होता.

नवव्या दिवशी ठमाबाई पुन्हा आल्या. "वाडीत दोन पोरं फणफणलीत. नुसती साल पुरत न्हाई. तुमचं काढलेलं औषध पायजे."

हेमांगीने थेंब सोडला आणि हात लावून बसली. तासाभरात तळ गार पडला.

"उतरला?"

"उतरला."

"ताप उतरला की पोर आधी खायला मागतं बघा," ठमाबाई हळूच म्हणाल्या.

निनाद गुरगुट्या भात मागायचा, वर लिंबाचं लोणचं. हेमांगीने गार चकती मुठीत धरली.

"आता त्याला काय देऊ, ठमाबाई?"