वाऱ्याच्या बाजूला

"मॅडम, तुमची लेन्स मान टाकतेय."

रविवारची सकाळ, शिवडीची जेट्टी, आणि एका अनोळखी मुलाचं हे पहिलं वाक्य. मी कॅमेऱ्यातून डोळा न काढताच म्हटलं, "माहितीये."

खरंच माहीत होतं. सलग तिसरा रविवार. समोर चिखलात हजारभर फ्लेमिंगो, आणि त्यातल्या एकाच्या पायात, गुडघ्याच्या वर, पांढरं कडं. कड्यावर अक्षरं. ती वाचता आली की पक्षी कुठून आला ते कळणार होतं. आधीचे माझे दोनशे फोटो बघून कडीवाल्या पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रकल्पाच्या कालिंदीताई एवढंच म्हणाल्या होत्या, "मृणालिनी, धूसर म्हणजे नोंद नाही." आता मे संपत आला होता; पावसाआधी हे पक्षी निघून जातात. पुढच्या रविवारी पक्षी असतील याचा काय नेम?

"शिकलात काय?" तो अजून तिथेच होता.

"फिजिक्स."

"आणि तीन किलोची लेन्स पुढे लटकवून टेकूची काठी कॅमेऱ्याच्या बुडाला लावलीत?"

आता मात्र मी डोळा काढला. लेन्सच्या मध्यावर कॉलर होती, तिला खाली स्क्रूची जागा होती. तराजू मधोमध धरतात हे दादरच्या भाजीवालीलाही कळतं... माझे कान गरम झाले.

"मी बघू?" त्याने विचारलं. मी मान हलवल्यावरच हात लावला. स्क्रू काढला, कॉलरला बसवला. लेन्स निमूट आडवी राहिली.

"मी भूषण. बुद्धभूषण – पण नायगावात पूर्ण नाव फक्त आई घेते, तेही चिडल्यावर. मैदानांवर मॅचचे फोटो काढतो. आता उभ्या राहा... अहो, पाय जोडून काय, राष्ट्रगीत आहे का?"

मला हसू फुटलं.

"या काठीला, मोनोपॉडला, पाय एकच. उरलेले दोन तुमचे. ते फाकवा, काठीचं टोक थोडं पुढे रोवा, तिच्यावर रेला. डावा हात लेन्सवर, वरून – झोपलेल्या मांजरावर ठेवतात तसा. श्वास पूर्ण सोडलात की क्लिक."

चौकटीतला चिखल, इतका वेळ थरथरणारा, थांबला.

"कुणी शिकवलं हे?"

"कुणी नाही. पहिल्या वर्षी एका बॉलरचा चेहरा धड येईना. मग रोज एकच गोष्ट बदलून बघितली. एक दिवस पाय, एक दिवस हात..."

एका वेळी एकच गोष्ट बदलायची! प्रयोगशाळेत हे अंगवळणी पडायला मला दोन वर्षं लागली होती. मी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं असावं, कारण तो काठी पुसायला लागला – माझीच.

भरतीचं पाणी चढत होतं, तसतसे पक्षी जेट्टीकडे सरकत होते. कड्याचा पक्षी सापडला. पण... कड्याचा पाय पोटाच्या पिसांत दुमडलेला.

"मोनोपॉडवर आहेत साहेब," भूषण म्हणाला. "थांबावं लागणार."

थांबलो. त्याने चहाची बाटली उघडली. झाकण मला, बाटली त्याला. तो इथे पाच रविवार येत होता, एकाच फोटोसाठी – नव्या पुलाच्या खांबांसमोरून अख्खा थवा उठताना.

"उठायच्या आधी दुमडलेला पाय खाली टाकतात, माना ताठ करतात. मग दोनतीन सेकंद. संपलं."

तेवढ्यात खाडीवरून वारा सुटला. लेन्स पुन्हा डुलू लागली. दूर एका लाँचचं इंजिन धडधडलं आणि शेकडो माना ताठ झाल्या. माझ्या पक्ष्याने पाय खाली टाकला. पांढरं कडं! मी रेलले, श्वास सोडला – पण वारा...

आणि वारा एकदम पडला.

क्लिक. क्लिक. क्लिक.

पंखांचा प्रचंड आवाज झाला. मी वर बघितलं तेव्हा सगळं आकाश गुलाबी होतं. माझ्या उजवीकडे, वारा येत होता तिथे, भूषण दोन्ही हातांनी आपली मोठी बॅग आडवी धरून भिंतीसारखा उभा होता. त्याचा कॅमेरा गळ्यात नुसताच लोंबत होता. तो थव्याकडे बघतही नव्हता. तो माझ्या काठीकडे बघत होता.

"हलली नाही ना?"

मी फोटो मोठा केला. चारही अक्षरं, स्वच्छ. त्याला दाखवली तर तो असा हसला, जणू कडं त्यानेच घातलं होतं.

"पण तुझा फोटो...?" 'तुमचा' कधी गळून पडला, मला कळलंच नाही.

"पुढच्या रविवारी."

"आणि पक्षी गेले असले तर?"

"मग पुढच्या हिवाळ्यात." त्याने खांदे उडवले. मग घुटमळत, बॅगेच्या पट्ट्याशी खेळत, "तू... येशील?"

मी काठी मिटली. श्वास पूर्ण सोडला.

"येईन. पक्षी असोत, नसोत... वाऱ्याच्या बाजूला मी उभी राहीन."